लावणीत आणि आंब्यात दरवर्षी कंबर धरते? आधी दांडीची उंची मोजा

जुलैचा दुसरा आठवडा, म्हणजे भातलावणीचा हंगाम, आला की देवगड तालुक्यातल्या आमच्या जिममध्ये दोन-तीन पोरं भिंतीला टेकून, एक हात कमरेवर ठेवून उभी दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "डेडलिफ्टान कंबर धरली." डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरची वजन लावलेली दांडी धरून सरळ उभं राहायचा व्यायाम. मग पंधरा दिवस सुट्टी, मलम, गरम पाण्याची पिशवी. परत येतात ती जुन्याच वजनावर, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा भिंतीला. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या धांदलीत हाच प्रकार. मी स्वतः सहा वर्षं या फेऱ्यात होतो, म्हणून हे लिहितोय.

डेडलिफ्ट वाईट, सोडून द्या, असं मी सांगणार नाही. 'फॉर्म सुधारा' एवढं सांगून मोकळाही होणार नाही. आमच्याकडे 'फॉर्म' या शब्दाचं मणक्यातल्या 'गॅप'सारखं झालंय. काही कळलं नाही की तेच नाव घ्यायचं.

कोणी कंबर धरून आला की मी आधी विचारतो, दुखलं नेमकं कधी? दांडी जमिनीवरून सुटताना, वर सरळ उभं राहिल्यावर, खाली ठेवताना, की त्या दिवशी काहीच नाही आणि दुसऱ्या सकाळी दात घासायला बेसिनवर वाकल्यावर? चारही दुखण्यांना आपण कंबर धरली असंच म्हणतो, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

वर गेल्यावर दुखत असेल तर तुम्ही शेवटी मागे कलता आहात. छाती काढून, पोट पुढे सोडून रुबाबात उभं राहायची सवय असते. ढुंगण आवळून सरळ उभे राहा, मागे जायचं नाही. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. खाली ठेवताना दुखणाऱ्यांनी बघावं की गुडघे लवकर वाकतायत का. तसं झालं की दांडी गुडघ्यांना वळसा घालून पुढून उतरते. आधी खुबे मागे न्यायचे, दांडी गुडघ्याखाली गेल्यावर मग गुडघे मोडायचे.

सुटताना दुखणं हा मात्र मोठा विषय, आणि माझं दुखणं तेच होतं.

दांडी किती उंचीवर आहे?

मी व्हिडिओ बघून तंतोतंत तसा उभा राहायचो. दांडी बुटाच्या लेसवर, नडगी दांडीला, काखा घट्ट, पोटात श्वास भरून कडक. तरी हात दांडीपर्यंत पोचताना शेवटच्या तीन-चार बोटांत पाठ गोल व्हायचीच. मित्र म्हणायचा, तुझे मांडीमागचे स्नायू आखडलेत. वर्षभर ताणून बघितले. थोडे सैल झाले, पाठ गोल ती गोलच.

एका रविवारी घराच्या कामावर आलेल्या गवंड्याची टेप माझ्या खिशात राहून गेली आणि ती घेऊनच जिमला गेलो. आमच्याकडे ओतीव लोखंडाच्या १० किलोच्या जुन्या प्लेटी आहेत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, मध्ये २० किलोची दांडी, असे १०० किलो होतात. सहज एका प्लेटीला टेप लावली. व्यास ३० सेंटिमीटर. म्हणजे दांडीचा मध्य जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटीचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे दांडी साडेबावीसवर बसते. मी बघत होतो ते सगळे व्हिडिओ साडेबावीसवाले होते आणि मी उचलत होतो पंधरावरून.

साडेसात सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. ज्या चार बोटांत माझी पाठ गोल व्हायची, तीच.

याला 'डेफिसिट डेडलिफ्ट' म्हणतात. मुरलेले लोक मुद्दाम फळीवर उभे राहून, कमी वजनात, थोडे आठवडे करतात. आमची सगळी बॅच वर्षानुवर्षं न कळता तेच करत होती, आणि तेही भरल्या वजनात. मांडीमागचे स्नायू जेवढे लांबतात तेवढाच खुबा वाकतो. त्याच्या पुढे वाकायला लागलं की ते वाकणं कमरेच्या मणक्यांतून निघतं. कोणाचा खुबा पंधरा सेंटिमीटरपर्यंत आरामात जातो, पण माझ्यासारख्या लांब मांड्यांच्या माणसाचा जात नाही. तो काही माझा दोष नव्हे.

उपाय सोपा, दांडी वर घ्या. आम्ही आधी दोन्ही बाजूंना जांभ्याचा चिरा ठेवला, कारण तो आवारात पडलेलाच होता. दोन दिवसांत त्याची कड झडली आणि मॅटभर लाल भुगा झाला. मग फणसाच्या जुन्या फळ्या आणल्या, एकावर एक दोन, वर टायरच्या ट्यूबचा तुकडा खिळवलेला. प्लेटी त्यावर बसतात, घसरत नाहीत. पैसे असतील तर ४५ सेंटिमीटर व्यासाच्या रबरी प्लेटी घ्या, त्या १० किलोतसुद्धा पूर्ण व्यासाच्या मिळतात. पण आधी टेप लावा. तुमच्या जिममधल्या प्लेटी मोठ्या दिसतात म्हणून त्या ४५ च्या असतीलच असं नाही.

दांडी वर घेऊनही सुटताना दुखत असेल, तर ती अंगापासून लांब आहे. विहिरीवरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन बायका अर्धा मैल चालतात. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत पाठ बोलेल. वजन तेच असतं, अंतर वाढलेलं असतं. १०० किलोची दांडी जागेपासून पाचच सेंटिमीटर पुढे सरकली तरी कमरेला वाकवणारा जोर जवळपास ४९ न्यूटन-मीटरने वाढतो. नडगी खरचटते म्हणून पोरं दांडी लांब ठेवतात. लांब मोजे घाला.

आणखी एक : झटका. दांडी आणि प्लेटीच्या भोकात थोडी फट असते. उचलण्याआधी हात ताणून ती फट काढायची, 'टक्' असा बारीक आवाज येतो, आणि त्यानंतर पायांनी जमीन ढकलायची. झटका मारला की ढुंगण आधी वर जातं, दांडी जागेवरच राहते, आणि उरलेली सगळी उचल पाठीने होते. बाजूने कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. समोरून काढलेल्या व्हिडिओत यातलं काही दिसत नाही.

एकाच बाजूला दुखत असेल तर हात बघा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने दांडीची पकड झिजते, वर गंज चढतो. पावसाळ्यात हवा दमट, तळहात ओले. मग एक हात सुलटा, एक उलटा अशी पकड सगळेच घेतात. तिच्यात गैर काही नाही, पण वर्षभर उजवाच हात उलटा राहिला तर अंग थोडं पिळलेलंच उचलतं. सेटगणिक हात बदला, हलक्या सेटमध्ये दोन्ही सुलटे ठेवा. आणि महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने दांडी घासून तेलाचा हात फिरवा. हे कोणीही करत नाही, आमच्याकडेसुद्धा मीच करतो.

कोणता प्रकार कमरेला काय करतो

कमरेत पाच मणके. जास्तीत जास्त त्रास होतो तो खालच्या दोन गाद्यांना, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्याच्या खालची. डेडलिफ्टमध्ये त्यांच्यावर किती भार येतो हे कॅनडातल्या संशोधकांनी १९९१ साली स्पर्धेतल्या पॉवरलिफ्टरांवर मोजलं होतं. सरासरी आकडा १७ हजार न्यूटनपर्यंत गेला, म्हणजे सुमारे पावणेदोन टन. हा आकडा मी घाबरवायला देत नाही. सवय झालेला कणा एवढं पेलतो, सवय हळूहळू करायला हवी, एवढंच त्यातून घ्यायचं.

त्याच मोजणीत सुमो, म्हणजे पाय फाकवून हात आत घेऊन उचलण्याचा प्रकार, नेहमीच्या डेडलिफ्टशी ताडून पाहिला होता. सुमोत कमरेला वाकवणारा जोर सुमारे १० टक्क्यांनी आणि मणक्याला पुढे सरकवणारा जोर सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरला. धड जास्त उभं राहतं, म्हणून. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात, पण ज्याची कंबर काठावर आहे त्याला तेवढे पुरतात. मात्र सुमोला खुबे मोकळे लागतात. जांघेत ओढ बसत असेल तर कमरेचं दुखणं जांघेत नेण्यात मजा नाही.

माझा आवडता तोडगा षटकोनी दांडी, ट्रॅप बार. माणूस तिच्या आत उभा राहतो, वजन नडगीपुढे न राहता दोन्ही कुशींना येतं. २०११ मधल्या एका अभ्यासात सरळ दांडीच्या तुलनेत तिच्यात कमरेवरचा जोर कमी आणि गुडघ्यांवरचा जास्त आढळला, आणि उचलताना ते जाणवतं. आमच्याकडे विकत घ्यायची ऐपत नव्हती. गेट आणि होड्यांचं रेलिंग करणाऱ्या वेल्डरकडे वहीवर काढलेलं चित्र घेऊन गेलो. त्याने आधी पोकळ पाईप काढला. नको म्हटलं, भरीव सळी घे. मुठी थोड्या उंच लावून घेतल्या, त्यामुळे छोट्या प्लेटींचाही प्रश्न सुटला. काट्यावर ठेवली तेव्हा २३ किलो भरली. असं काही करून घेणार असाल तर जोड दोन्ही बाजूंनी वेल्ड झालेत ना बघा, आणि पहिल्यांदा तिच्यात उभं न राहता दोघांनी दोन टोकांनी उचलून हलवून पाहा.

रोमेनियन डेडलिफ्टबद्दल गैरसमज फार. १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता निकू व्लाद हा व्यायाम करायचा, त्यावरून हे नाव पडलं. यात दांडी जमिनीला टेकत नाही. गुडघे किंचित सैल, खुबे मागे, आणि पाठ गोल व्हायला लागण्याच्या आधी थांबायचं. कोणाचं ते गुडघ्याखाली चार बोटांवर येतं, कोणाचं नडगीच्या मध्यावर. आमच्याकडे हट्टाने जमिनीला टेकवतात. मग तो वेगळाच व्यायाम होतो आणि कंबर त्याचं बिल लावते. सपाट पाठ म्हणजे काय हे कळत नसेल तर आंबे काढायच्या झेल्याची बांबूची काठी पाठीवर उभी धरा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड असे तीन ठिकाणी ती लागली पाहिजे. वाकताना एक जरी जागा सुटली तर तिथे थांबा. हा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतो, पण ते दुखणं मांडीमागे हवं. कमरेत दोन्ही बाजूंना जडपणा असला तर वजन कमी करा. मधोमध खोल दुखत असेल तर काही दिवस हा प्रकारच नको.

गुडघ्याच्या उंचीवरून उचलायचा रॅक पुल कंबर सावरताना उपयोगी. पण त्यात वजन सहज जास्त उचललं जातं, आणि आमचे वीर जमिनीवरून १०० उचलणारे तिथे १६० लावतात. मग कमरेला आराम कसला?

पट्ट्याबद्दल एकच. पट्टा कमरेला आधार देत नाही, पोटातला दाब वाढवायला मदत करतो. पोट भरून त्याच्यावर ढकलता आलं तरच बांधा.

आता लावणीचं

दांडीची उंची सुधारली, त्या वर्षी मे महिन्यापर्यंत कंबर ठणठणीत. जुलैत पुन्हा उसण भरली, तीही ७० किलोवर. घरी आडवा पडून लोखंडाला शिव्या देत होतो. आई चहा ठेवून म्हणाली, "लोखंडाचा नाव कित्याक घेतंस? दोन दिस कुणग्यात वाकान तरवो लावलंस, ता इसारलंस?"

भातखाचरात रोपं लावली ते खरंच विसरलो होतो. दोन दिवस इरलं पाठीवर घेऊन, सकाळी सातपासून चिखलात. ते माझ्या हिशेबात व्यायाम नव्हतं, काम होतं. कमरेला हा भेद माहीत नसतो. माणूस बराच वेळ पूर्ण वाकून राहिला की कण्यामागचे अस्थिबंध ताणून सैलावतात. वीस मिनिटं तसं राहिलात तरी उठल्यावर कंबर नेहमीपेक्षा काही अंश जास्त वाकते. निम्मा सैलपणा पहिल्या दोन मिनिटांत जातो, पण थोडा अर्ध्या तासानंतरही उरतो. आणि इथे वीस मिनिटं कुठली, दिवसच्या दिवस. त्याच संध्याकाळी कोणी डेडलिफ्टला उभा राहिला तर दांडी धरणारी कंबर त्याच्या ओळखीची नसते.

आंब्यात वाकणं कमी, पण उचलणं आणि वळणं जास्त. पंधरा-वीस किलोचे क्रेट बागेतून खांद्यावर, मग जमिनीवरून टेम्पोत, आणि टेम्पोत टाकताना पाय जागेवर ठेवून कमरेतून वळायचं. दिवसाला शंभर क्रेट धरले तर दीड-दोन टन झाले. ते वहीत कोणी लिहीत नाही. लिहा. मी आता जिमच्या वहीत 'लावणी, ५ तास', 'क्रेट ८०' असं लिहितो, आणि त्या आठवड्यात जमिनीवरून दांडी उचलत नाही. त्याऐवजी षटकोनी दांडी, नेहमीच्या निम्म्या वजनात, पाच-पाचचे तीन सेट. किंवा हातात डंबेल घेऊन एका पायावरची रोमेनियन. तिच्यात पायाला पुरतं काम मिळतं आणि कमरेवर एकूण वजन फार थोडं येतं. तोल जातो, लाज वाटते, भिंतीला बोट लावून करा.

याच दिवसांत पहाटेचा घोळ असतो. दिवसा वेळ नाही म्हणून पोरं साडेपाचला उठून सहाला दांडीखाली. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. फुगलेली गादी वाकण्याला जास्त कडक असते आणि वाकवल्यावर तिच्यावर ताणही जास्त येतो. १९९८ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात जुन्या कंबरदुखीच्या लोकांना उठल्यानंतर सुरुवातीचे काही तास वाकणं टाळायला सांगितलं होतं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणजे सहाला यायचंच असेल तर खांदे, छाती, पुल-अप करा. डेडलिफ्ट संध्याकाळी. आणि संध्याकाळीसुद्धा तासभर बाईकवर खड्डे खात आला असाल तर आल्या आल्या दांडी धरू नका, दहा मिनिटं चाला.

कंबर धरलीच तर आडवं पडून राहू नका. पहिले दोन-तीन दिवस जमेल तेवढं चाला, घरातलं हलकं काम करा. मग गुडघ्याच्या उंचीवरून, तुमच्या नेहमीच्या वजनाच्या निम्म्याने सुरू करा. दर आठवड्याला एक फळी काढायची, वजन तेच. दांडी साडेबावीसवर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर काही जाणवलं नाही, की मग वजन वाढवायचं. उंची आणि वजन एकाच आठवड्यात बदलू नका. आमच्याकडची निम्मी पोरं इथेच चुकतात, कारण बरं वाटलं की १०० ची आठवण येते.

एमआरआयबद्दल. आमच्याकडे एकाला गादी थोडी बाहेर आल्याचा रिपोर्ट आला आणि त्याने दोन वर्षं पाण्याची बादलीही उचलली नाही. ज्यांना काहीही दुखत नाही अशांचे स्कॅन काढले तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत फुगलेली गादी दिसते, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, घरी वाचून नशीब ठरवू नका. अमेरिकेचा लामार गँट, पाठीचा कणा बाजूला वाकलेला, त्याने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट मारली होती. तुम्ही तसं करा असं नाही.

पण दुखणं ढुंगणातून पायाच्या बोटांपर्यंत उतरत असेल, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर जिम, मालीशवाला, मणका बसवणारा, सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि जांघेमध्ये, जिथे आपण खुर्चीवर टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. त्यात तास मोजले जातात.

फळ्यांचं एक राहिलं. फणसाचं लाकूड झालं तरी आमच्या पावसात ते पाणी पितंच. यंदा जूनच्या शेवटी पुन्हा टेप लावली तर डावीकडची जोडी उजवीपेक्षा चार मिलिमीटरने जाड झाली होती आणि दांडी उजवीकडे कलत होती. उजवीकडे ट्यूबचा आणखी एक तुकडा ठोकला, तेव्हा समतल झाली.